खारूनच्या काठावरचा अभ्यास : पंचवीस गुणांपलीकडचा प्रश्न

रायपूर शहराला पिण्याचे पाणी देणारी आणि त्याच शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नदी एकच आहे. तिचे नाव खारून. छत्तीसगडची ही राजधानी भाठागावच्या बंधाऱ्याजवळ नदीतून पाणी उचलते आणि वापरून झालेले पाणी पुढच्या काही किलोमीटरांत लहानमोठ्या नाल्यांवाटे पुन्हा नदीत येऊन मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत छत्तीसगडमधील हसदेव, केलो, महानदी आणि शिवनाथ या नद्यांबरोबर खारूनच्या पट्ट्याचाही समावेश होता. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी राष्ट्रीय हरित लवादाने सर्व संबंधित राज्यांना या पट्ट्यांसाठी कृती आराखडे तयार करण्याचे आदेश दिले. त्यानंतर रायपूर परिसरात निमोरा, चंदनडीह आणि कारा येथे सांडपाणी शुद्धीकरणाचे मोठे प्रकल्प हाती घेण्यात आले.

शासकीय पातळीवर एवढी हालचाल होत असताना एका वेगळ्या घटकाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. तो घटक म्हणजे विद्यार्थी. रायपूरमध्ये १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि अनेक महाविद्यालये आहेत. यातील पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण हा विषय शिकावा लागतो आणि त्यात प्रत्यक्ष स्थळी जाऊन करावयाच्या अभ्यासाचाही अंतर्भाव आहे. हजारो विद्यार्थी, हाकेच्या अंतरावर असलेली आजारी नदी आणि अभ्यासक्रमाची मान्यता, असे तिन्ही घटक एकाच ठिकाणी असताना त्यांचा मेळ घालता येईल का, हा प्रश्न केवळ रायपूरपुरता मर्यादित नाही. नागपूर, नाशिक, कोल्हापूर किंवा पुणे या शहरांनाही तो तितकाच लागू पडतो.

न्यायालयाचा आदेश आणि अभ्यासक्रम

पर्यावरण शिक्षणाची सक्ती शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेतून आलेली नाही, ती न्यायालयातून आली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देताना सर्व स्तरांवर पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करण्याची दिशा घालून दिली. अंमलबजावणीला मात्र दशकाहून अधिक काळ गेला. अखेर २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले.

या अभ्यासक्रमाचा आठवा घटक क्षेत्रकार्याचा आहे. जवळची नदी, वन, माळरान किंवा डोंगर पाहून तेथील नैसर्गिक संपदेची नोंद करणे, एखाद्या प्रदूषित ठिकाणाला भेट देणे, परिसरातील वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखणे, तसेच तळे, नदी किंवा डोंगरउतार यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास करणे, असे त्याचे स्वरूप आहे. एकूण शंभर गुणांपैकी पंचवीस गुण या कामासाठी राखून ठेवण्यात आले. मात्र पन्नास तासिकांपैकी पाच तासिकांएवढाच वेळ त्यासाठी देण्यात आला. गुण चौथा हिस्सा आणि वेळ दहावा हिस्सा, या विसंगतीत पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ आहे.

शाळांच्या स्तरावरही प्रयत्न झाले. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत मुले आपल्या गावातील प्रश्नावर प्रकल्प करतात. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या माध्यमातून शाळांमध्ये पर्यावरण मंडळे स्थापन झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधारित शिक्षणावर भर दिला आणि २०२३ मध्ये अनुदान आयोगाने पर्यावरण शिक्षणाच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. धोरणाची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो विद्यार्थी नदीपर्यंत पोहोचतो का आणि पोहोचल्यावर काय करतो, हा.

खारूनचे खोरे

खारूनचा उगम बालोद जिल्ह्यात होतो. दुर्ग आणि रायपूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून ती उत्तरेकडे वाहत जाते आणि सिमग्याच्या परिसरात शिवनाथ नदीला मिळते. शिवनाथ पुढे महानदीला मिळते आणि महानदीचे पाणी ओडिशातील हिराकुड धरणात साठते. महानदीच्या खोऱ्याचा सुमारे ५२ टक्के भाग छत्तीसगडमध्ये, तर ४७ टक्के भाग ओडिशात आहे. महाराष्ट्राचा वाटा पाव टक्क्याहूनही कमी असला, तरी गडचिरोलीच्या पूर्व सीमेवर पडणाऱ्या पावसाचा काही अंश याच खोऱ्यात जातो.

रायपूरचा मराठी माणसाशी असलेला संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून येथील कारभार पाहिला. रायपूरचा महाराजबंध तलाव मराठ्यांच्या काळातला मानला जातो. बूढा तालाब, कंकाली तालाब, तेलीबांधा ही नावे आजही शहराच्या भूगोलाचा भाग आहेत. छत्तीसगडमधील अनेक जुन्या गावांविषयी ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, असे एकशे सव्वीस तलाव असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. पावसाचे पाणी उतारावर अडवायचे, एका तलावातून दुसऱ्यात सोडायचे आणि उरलेले नाल्यात जाऊ द्यायचे, ही व्यवस्था त्या लोकांना ठाऊक होती. पाणलोट क्षेत्र हा शब्द तेव्हा रूढ नसेल, पण त्यामागची कल्पना व्यवहारात होती.

शहराला नळाचे पाणी मिळू लागले ते १८९२ मध्ये. राजनांदगावचे राजा बलरामदास यांच्या नावाने ओळखली गेलेली ती योजना खारूनच्याच पाण्यावर उभी होती. पुढे शहर वाढले आणि एकट्या खारूनचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणी कालव्यातून आणण्यात आले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि वाढीचा वेग आणखी वाढला. २००१ च्या जनगणनेत सहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेली. उत्तरेला उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने वाढले. शहराचे सांडपाणी आणि औद्योगिक भागातील पाणी घेऊन छोकरा नाल्यासारखे प्रवाह खारूनकडे वाहू लागले.

याची किंमत नागरिकांना आरोग्याच्या रूपाने मोजावी लागली. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या काळात, रायपूरच्या काही वस्त्यांत काविळीची साथ पसरली. गटारांतून आणि नाल्यांतून गेलेल्या गळक्या जलवाहिन्यांकडे त्या वेळी बोट दाखवण्यात आले. घरातला नळ, रस्त्याकडेचे गटार आणि शहराबाहेरची नदी या एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे त्या साथीने दाखवून दिले.

प्रवाहाचे आरोग्य कसे तपासतात

नदी किंवा ओढा निरोगी आहे की नाही, हे ठरवण्याच्या पद्धती फारशा गहन नाहीत. पाण्याचे तापमान, गढूळपणा, सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू या गोष्टी साध्या साहित्याने काठावरच मोजता येतात. प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी तरंगणारी एखादी वस्तू ठरावीक अंतर किती सेकंदांत कापते, ते पाहिले जाते. पात्राची रुंदी आणि सरासरी खोली मोजली की दर सेकंदाला किती पाणी वाहते, याचा अंदाज बांधता येतो. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात याचे मोजमाप, यासाठी मात्र प्रयोगशाळा लागते. भारतीय प्रमाणानुसार ही चाचणी २७ अंश सेल्सियस तापमानात तीन दिवस चालते.

केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीनुसार स्नानासाठी योग्य पाण्यात दर लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो आणि जैविक प्राणवायू मागणी तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. प्रदूषित पट्टे ठरवताना हीच तीन मिलिग्रॅमची मर्यादा आधारभूत धरली गेली. कार्तिक पौर्णिमेला खारूनच्या महादेव घाटावर मोठी यात्रा भरते आणि हजारो भाविक पहाटे स्नान करतात. त्यामुळे हा आकडा तेथे केवळ पुस्तकी राहत नाही.

रासायनिक चाचणी त्या क्षणीच्या पाण्याविषयी सांगते. पाण्यात राहणारे जीव मागच्या काही आठवड्यांची हकिकत सांगतात. दगडाखाली, गाळात आणि पाणवनस्पतींच्या मुळांशी राहणारे लहान प्राणी प्रदूषण आले म्हणून सहजासहजी जागा सोडून जाऊ शकत नाहीत. मेफ्लायसारख्या कीटकांच्या अवस्थांना भरपूर प्राणवायू लागतो, पाणी बिघडले की त्या आधी नाहीशा होतात. चतुर आणि टाचणी यांच्या पाण्यातील अवस्था त्यापेक्षा काहीशा सोशिक असतात. शेवटी उरतात त्या काळ्या गाळात राहणाऱ्या लाल अळ्या आणि बारीक गांडुळवर्गीय कृमी. या जीवांना दहापासून एकपर्यंत गुण देऊन पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी तिचे रूपांतर करून जैविक वर्गवारीची पाच श्रेणींची पद्धत तयार केली. यासाठी जाळी, पांढरी पसरट ताटली, भिंग आणि ओळखतक्ता एवढे साहित्य पुरेसे असते.

खारूनवर असा अभ्यास करायचा झाल्यास किमान तीन ठिकाणे निवडावी लागतील. पहिले शहराच्या वर, भाठागाव बंधाऱ्याच्या अलीकडे. दुसरे महादेव घाटाजवळ. तिसरे छोकरा नाल्यासारखे प्रवाह मिळाल्यानंतर, शहराच्या खाली. एका ठिकाणच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तीन ठिकाणच्या आकड्यांतील फरकाला मात्र अर्थ असतो, कारण नदीचा तेवढा प्रवास शहराने काय केले, याचा हिशेब देतो.

येथे वेळेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात खारूनचे पाणी जागोजागी साचून राहते आणि त्यात शेवाळ वाढते. शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारी घेतलेले मोजमाप पाणी उत्तम असल्याचे दाखवू शकते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू शोषते आणि पहाटेपूर्वी त्याच पाण्यात मासे तडफडू लागतात. सकाळी दहाला निघून दुपारी दोनला परतणाऱ्या सहलीला ही गोष्ट कधीच दिसणार नाही. नदीचा अभ्यास एका भेटीत होत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

पाण्याइतकीच जमीन महत्त्वाची

प्रवाहाचे आरोग्य पात्रात ठरत नाही, ते त्याच्या पाणलोटात ठरते. रायपूरच्या आसपासचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची लालसर मुरमाड जमीन ती भाठा, त्याखालची पिवळसर ती मटासी, मधली डोरसा आणि सखल भागातील काळी चिकण ती कन्हार. माथ्यापासून नदीपर्यंत चालत गेले की या चारही जमिनी सामान्यपणे याच क्रमाने लागतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याला पाणलोट म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी याहून सोपा धडा मिळणार नाही.

या प्रदेशात भाताचे प्रत्येक बांधबंदिस्त शेत हे एक लहानसे जलाशय असते. एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी साठले, तर ते एक लाख लिटर होते. बांधामध्ये पंधरा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर पंधरा लाख लिटर पाणी एका हेक्टरात थांबते, हळूहळू मुरते आणि उशिरा नाल्यात उतरते. त्याच शेताचे भूखंड पडले, रस्ते आणि छपरे झाली, की तेच पाणी काही मिनिटांत नाल्याकडे धावते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडे पात्र ही एकाच बदलाची दोन रूपे आहेत. भाठा जमिनीवरील मुरूम खणून नेल्यानंतर उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते आणि तलावांत साचते. शेतातील जादा युरिया पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो आणि शेवाळाला खत पुरवतो. रायपूरच्या परिसरात चुनखडकाचे थर आहेत. त्यातील भेगांमधून वरचे दूषित पाणी विहिरी आणि कूपनलिकांपर्यंत पोहोचू शकते, हा आणखी एक धोका आहे.

म्हणूनच केवळ घाटावर बाटली बुडवून आणणे म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. कोणत्या उतारावर काय बदलले, कोणता तलाव बुजला, नाल्याला कोणत्या ठिकाणी कोणता प्रवाह मिळतो, याचा नकाशा पायी फिरून तयार करणे हे अर्धे काम आहे. अविभाजित मध्य प्रदेशात १९९४ मध्ये राजीव गांधी पाणलोट मिशन सुरू झाले, तेव्हा रायपूर जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. २०१९ मध्ये छत्तीसगड सरकारने नरवा, गरुवा, घुरवा, बारी ही योजना आणली. तीत नरवा, म्हणजे ओढे-नाले, पुन्हा वाहते करण्यासाठी दगडी बांध आणि इतर कामे हाती घेण्यात आली. सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली. परंतु अशा प्रत्येक योजनेच्या यशापयशाची चर्चा करताना एकच प्रश्न पुढे येतो. काम होण्यापूर्वी त्या ओढ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी वाहत होते? ही नोंद ठेवणारा माणूस गावातच असावा लागतो आणि गावच्या शाळेतील नववीचा विद्यार्थी ते काम निश्चितच करू शकतो.

ॲन आर्बरचा अनुभव

विद्यार्थ्यांच्या अशा कामातून काय साध्य होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी १९८४ मध्ये ह्युरॉन नदीत जलक्रीडा करणाऱ्या काही शाळकरी मुलांना काविळीची लागण झाली. ह्युरॉन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी नदीचे पाणी तपासायचे ठरवले आणि मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी त्यांना साहाय्य केले. मुलांनी नमुने घेतले, जीवाणूंचे प्रमाण तपासले आणि दूषित पाण्याचा प्रश्न स्थानिक प्रशासनासमोर मांडला. या प्रयोगातूनच पुढे जगभरातील शाळांना जोडणारे नदीशिक्षणाचे जाळे उभे राहिले आणि विद्यार्थ्यांसाठी पाणी तपासणीची मार्गदर्शक पुस्तिका तयार झाली.

ॲन आर्बर आणि रायपूर यांची तुलना सर्वच बाबतीत करता येणार नाही. प्रयोगशाळांची संख्या, वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या आणि नदीची स्थिती यांत मोठे अंतर आहे. तरीही दोन्हीकडे सुरुवात काविळीपासून झाली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तेथे आजार शाळेचा विषय झाला. येथे तो रुग्णालय आणि न्यायालय यांच्यापुरता राहिला.

महाराष्ट्रातील अनुभवही या संदर्भात उपयोगी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात दरवर्षी पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिकांचा विचार होतो. पर्जन्यमापकाचा आकडा गावकऱ्यांच्या बैठकीत वाचला जातो आणि त्यावर निर्णय होतो, म्हणून तो आकडा घेण्याला किंमत येते. नोंद आणि निर्णय यांचा हा संबंध जोडला गेला नाही, तर उत्तम नोंदीही कपाटात पडून राहतात.

मर्यादा आणि आक्षेप

या विषयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यातील कलम २१ नुसार नमुना कसा घ्यावा, कोणासमोर घ्यावा, कोणत्या प्रयोगशाळेत पाठवावा, याची कार्यपद्धती ठरलेली आहे. ती पाळली गेली नाही, तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नमुन्यावरून एखाद्या कारखान्यावर कारवाई होऊ शकणार नाही, हे उघड आहे. विद्यार्थ्यांच्या आकड्यांना पुराव्याचा दर्जा नसला, तरी त्यांचे मोल इशारा म्हणून असू शकते. मंडळाचे अधिकारी प्रत्येक नाल्यावर दर आठवड्याला जाऊ शकत नाहीत. कोठे आणि केव्हा जावे, हे अशा नोंदींवरून त्यांना कळू शकते.

दुसरा आक्षेप अचूकतेचा आहे आणि तो रास्त आहे. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या साहित्याने घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे पद्धत एकच ठेवणे, प्रत्येक दहा नमुन्यांपैकी एक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासणे आणि चुकीचे आकडे लपवण्याऐवजी चुकीचे म्हणूनच नोंदवणे. आपले मोजमाप कोठे चुकू शकते, हे समजणे हाच विज्ञानशिक्षणाचा गाभा आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. मैलायुक्त पाण्यात हातमोजे आणि बूट यांच्याशिवाय उतरणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात भरलेल्या पात्राजवळ एका शिक्षकाने साठ विद्यार्थी सांभाळणे अशक्य आहे. दोरीला बांधलेली बादली, पुलावरून घेतलेला नमुना, लहान गट आणि पालकांची संमती या गोष्टींना पर्याय नाही. सुरक्षेची तरतूद न करता क्षेत्रकार्याचा आग्रह धरणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेळापत्रकाची आहे. पहिल्या मोठ्या पावसात शहरातील आणि शेतातील वर्षभराची घाण नदीत येते. तेव्हा महाविद्यालयांत प्रवेशाची धावपळ चालू असते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी सर्वांत कमी आणि प्रदूषण सर्वांत तीव्र असते, तेव्हा परीक्षा सुरू असतात. नदीची स्थिती सर्वांत बोलकी असते, नेमके त्याच वेळी विद्यार्थी तेथे नसतो. मग हिवाळ्यात एक सहल निघते, काही छायाचित्रे घेतली जातात आणि मागील वर्षीच्या वहीवरून पुढच्या वर्षीची वही उतरवली जाते. हे चित्र देशात कोठेही अपरिचित नाही. दोष विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही, कारण त्यांच्या नोंदी कोणी वाचणार आहे, असे त्यांना कधी सांगितलेलेच नसते.

आकडे कोणाचे

नदीची माहिती कोणाकडे असते, या प्रश्नाला छत्तीसगडमध्ये वेगळे महत्त्व आहे. १९९८ मध्ये दुर्गजवळील बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका करारान्वये खासगी कंपनीच्या नियंत्रणाखाली गेला. काठावरच्या गावांतील मासेमार आणि शेतकऱ्यांना त्याची झळ पोहोचली, देशभर टीका झाली आणि २००३ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने करार रद्द करण्याची घोषणा केली. पुढे महानदीच्या पाण्यावरून ओडिशा आणि छत्तीसगड यांच्यातील वाद तीव्र झाला आणि १२ मार्च २०१८ रोजी केंद्र सरकारने त्यासाठी लवाद स्थापन केला. अशा वादांत प्रवाहाचे आकडे हाच मुख्य मुद्दा असतो. ज्या काठांवर लोक राहतात, तेथील नोंदी त्या लोकांच्या मुलांच्या हातात असणे, हे लोकशाहीच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

त्यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागणार नाही. बालोद, दुर्ग जिल्ह्यातील पाटण, रायपूर आणि सिमगा या टापूंतील महाविद्यालयांनी खारूनवरचे आपापले ठिकाण कायमचे दत्तक घ्यावे. वर्षातून चार वेळा, म्हणजे भर उन्हाळ्यात, पहिल्या पावसानंतर, पावसाळा संपताना आणि हिवाळ्यात, एकाच आठवड्यात आणि एकाच पद्धतीने मोजणी व्हावी. उन्हाळ्यातील आणि पहिल्या पावसातील फेरीसाठी स्थानिक विद्यार्थ्यांचे लहान गट पुरे पडतील आणि त्यांना त्याचे श्रेयांक मिळावेत. विद्यापीठाने नमुन्यांची फेरतपासणी करावी. आकडे सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवावेत आणि वर्षातून एकदा महानगरपालिका, प्रदूषण मंडळ आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांच्यासमोर विद्यार्थ्यांनीच ते वाचून दाखवावेत.

एका तुकडीचे विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, पण ठिकाण आणि पद्धत तीच राहिली तर दहा वर्षांत नदीचा सलग इतिहास तयार होतो. चंदनडीह किंवा निमोरा येथील शुद्धीकरण प्रकल्पांमुळे खारूनमध्ये खरोखर काय फरक पडला, हे सांगायला मग कोणाच्या दाव्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. शहराच्या खालच्या बाजूला, आज जेथे केवळ लाल अळ्या सापडण्याची शक्यता अधिक आहे, तेथे एखाद्या वर्षी चतुराची अवस्था जाळीत आली, तर ती नोंद कोणत्याही उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा अधिक विश्वासार्ह असेल. पंचवीस गुणांची तरतूद वीस वर्षांपूर्वीच झाली आहे. आता त्या गुणांच्या मोबदल्यात नदीच्या पदरात काही पडावे, एवढीच अपेक्षा आहे.